संगप्पाची छापायची राहिलेली औषधं

सिद्रामप्पाचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. घमेलं घेऊन तो गोदावरीत उतरायचा, वाळू भरायचा आणि उजाडेपर्यंत ती मलमलीतून तीनदा गाळायचा. दोनदा गाळून भागत नसे. एक जाड खडा राहिला तर दगडावर चरा पडतो, आणि तो चरा काढायला दोन तास जातात. हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. त्या दोन तासांनीच शिकवलं होतं.

नांदेडच्या त्या छापखान्यात अक्षरांचे शिशाचे खिळे नव्हते. सगळं दगडावरून छापायचं. लिहिणारा तेलकट शाईनं पिवळ्या कागदावर लिही. तो कागद ओला करून दगडावर दाबला की अक्षरं उलटी होऊन दगडात उतरत आणि कागद कोरा पडे. मग दगड ओला ठेवून शाईचा रूळ फिरवायचा; तेल लागलं असेल तिथंच शाई धरे. छपाई झाली की दगड सिद्रामप्पाकडे. दोन दगड तोंडाला तोंड लावून, मध्ये वाळू-पाणी घालून तो गोल गोल घासायचा. एका जोडीला दीड तास. लग्नपत्रिका, गजला, सरकारी इश्तिहार, सगळ्याचा पांढरा चिखल होऊन मोरीत जाई. वीस वर्षांत त्यानं गाडीभर अक्षरं पुसली. वाचता मात्र एक येत नव्हतं.

त्याचा बाप संगप्पा भोकरजवळच्या खेड्यात गुरांची औषधं करी. औषधं सगळी कवनांत. चाळीस कवनं, एकेका दुखण्याचं एकेक. कुठला पाला, किती, कुठं डागायचं, कुठं टोचायचं. संगप्पालाही वाचता येत नव्हतं. आज्यानं म्हटलेलं ऐकून त्यानं पाठ केलं होतं. सिद्रामप्पा लहानपणीच शहरात आला. धाकटा भाऊ नांगराचा पक्का, पण कवनाला त्याचं डोकं चालत नसे. बाप सत्तरीला आला तेव्हा सिद्रामप्पाच्या मनानं घेतलं, अप्पाचं हे छापून ठेवायचं.

छापखान्याचे मालक कादरसाहेब हसले. "क्या रे सिद्राम, बैलां पढनेवाले हैं क्या?"

"बैल कशाला साहेब, बैलवाले."

"बैलवाले कुठं वाचून राह्यले?"

"गावात एक तरी वाचणारा असतोय. त्यो वाचंल, बाकीचे ऐकतेल."

कादरसाहेब म्हणाले, "ठीक. शाईचे पैसे नक्को. कागद तुझा."

लढाईचे दिवस होते. कागद मिळत नव्हता, मिळाला तर सोन्याच्या भावानं. सिद्रामप्पा दर महिन्याच्या मजुरीतून थोडे थोडे ताव घेऊ लागला. तिकडं शाळेतले रेणुकादास मास्तर माघात दोन शुक्रवारच्या सुट्टीत खेड्यावर गेले. संगप्पा म्हणत गेला, मास्तर थेट पिवळ्या कागदावर उतरवत गेले. कच्चं लिहिलं नाही. त्याला कागद कुठला? आणि मास्तरांच्या हाताला खाडाखोड ठाऊक नव्हती. पिवळ्या कागदावरची शाई फार वाळली की उतरत नाही, म्हणून ती लगेच दगडावर दाबली. चाळीस कवनं एका दगडात बसली. दुसरं तेल लागू नये म्हणून सिद्रामप्पानं दगडावर गोंदाचा हात दिला आणि तो कोपऱ्यात झाकून ठेवला. दर आठ दिवसांनी गोंद धुवायचा, शाई ताजी करायची, पुन्हा गोंद. सात महिन्यांत एक खेप चुकली नाही.

त्याच माघात संगप्पाला वारं गेलं. उजवं अंग लुळं पडलं, वाचा गेली. भावानं त्याला गाडीत घालून नांदेडला आणलं. हकीमाचा इलाज सुरू झाला. सिद्रामप्पाची बायको शांतम्मा सासऱ्याला दोन वेळा अंगभर तिळाच्या तेलानं चोळायची.

भादव्यात कागद पुरेसा जमला. छपाईच्या सकाळी शांतम्मा नवऱ्याला म्हणाली, "आवं, एकडाव अप्पाला दावा की. त्यांचंच हाय न्हवं ते."

त्यालाही ते हवंच होतं. दोघांनी म्हाताऱ्याला धरून आणलं, दगडाजवळ स्टुलावर बसवलं. सिद्रामप्पानं गोंद नुकताच धुतला होता. दगड उघडा होता आणि बापाला बसवण्याच्या गडबडीत वाळलाही होता. संगप्पा त्या उलट्या अक्षरांकडे बघत राहिला. मग त्याचा डावा हात उठला.

दगडाला बोट लावणाऱ्याच्या हातावर सिद्रामप्पा चापट मारी. एकदा मालकांनाही मारली होती. हा हात त्याला धरवला नाही. क्षणभरच. तेवढ्यात म्हाताऱ्याचा तोल गेला, सगळा भार त्या हातावर आला आणि पंजा दगडाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत घसरत गेला.

"बघा, वळखलं त्यांनी!" शांतम्मा हसून म्हणाली.

सिद्रामप्पा पाण्याचा बोळा घेऊन धावला. तेल पाण्यानं जात नाही, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक? रूळ फिरला. अक्षरांबरोबर पंजाही काळा झाला, त्यामागं हातभर काळा पट्टा.

"तेजाब मारू?" कादरसाहेबांनी हळू विचारलं.

"मारला तर खालची अक्षरं बी जातेत, साहेब."

रेणुकादास मास्तर आले. दगडाशी आरसा धरून त्यांनी कडेची अकरा कवनं वाचली. बाकीची आठवायचा प्रयत्न केला. तीन ओळी आठवल्या, त्याही वेगवेगळ्या दुखण्यांच्या. "एवढीच छापू या का?" त्यांनी विचारलं.

"त्यातली बी मधीच तुटल्यात, मास्तर. अर्ध्या औषधानं बैल मरतोय."

दुपारी त्यानं तो दगड घासला. नेहमीएवढाच, दीड तास.

कागद मालकांनी ठेवून घेतला आणि चढल्या भावानं पैसे दिले. हकीमानं हात टेकले तेव्हा सिद्रामप्पा बापाला खेड्यावर पोचवायला गेला. तिसऱ्या दिवशी भावाचा बैल ओल्या मुगात शिरला. पोट ढोलासारखं फुगलं. अळशीचं तेल पाजलं, पळवून पाहिलं, काही उतरेना. टोचायला हवं होतं. टोचायची जागा बोटं मोजून सांगणारं एक कवन होतं. बाजेवरून संगप्पानं डावा हात वर केला, चार बोटं दाखवली.

"चार बोटं कुठून, अप्पा? बरगडीपासून? का खुब्याच्या हाडापासून?" भाऊ ओरडत होता.

संगप्पा तोंड हलवत होता. नुसता घशातला आवाज. सिद्रामप्पानं बैलाच्या कुशीवर हात फिरवून पाहिला. एकदा बरगडीकडून चार बोटं मोजली, एकदा मागून. दोन्ही जागा वेगळ्या निघाल्या. सुरी हातात तशीच राहिली. बैल दिवस कलायच्या आत आडवा झाला, तो उठलाच नाही.

रब्बीची पेरणी तोंडावर होती. सिद्रामप्पा मुदखेडच्या बाजारात गेला. दात पाहिले, खूर पाहिले, खांदा दाबून पाहिला आणि एक तांबडा बैल घेतला. कागदाचे सगळे पैसे त्यात गेले.