मुंगीनं ठरवलं, माझं दूध विषारी

मैत्रिणींनो, सकाळी दवाखान्यातून आले, आता लिहायला बसलेय.

माझ्या सुनेला सातव्या महिन्यातच मुलगी झाली. काचेच्या पेटीत आहे. डॉक्टर सुनेला म्हणाले, "चिकाच्या दुधाचा थेंबही वाया घालवू नका. त्यानं पोटात चांगले जंतू रुजतात. नाहीतर वाईट जंतू माजतात आणि एवढ्याशा बाळाचं आतडं सडतं. पोट फुगतं, शीतून रक्त जातं."

हे सगळं मी बघितलं होतं.

आणीबाणी उठली त्या वर्षी, इथंच कोल्हापुरात, माझा पहिला मुलगाही सातव्या महिन्यात झाला. सासूबाईंनी माझं पहिलं दूध वाटीत पिळून घेतलं आणि त्यात मुंगी सोडली. मुंगी बुडून मेली.

"इखारी दूध हाय हिचं. पाजायचं न्हाय," म्हणाल्या आणि वाटी मोरीत ओतली. बाळाला डब्यातली पावडर सुरू झाली. त्याचं पोट टम्म फुगलं, शीतून रक्त गेलं, आणि बारशाआधीच तो गेला. सासूबाई गल्लीभर सांगत फिरल्या, "पोटातनंच इख पाजलं हिनं पोराला."

आता त्या अंथरुणाला खिळल्यात. मीच भरवते. दुपारी त्यांनी दूध मागितलं. मी वाटी आणली आणि त्यांच्यादेखत मुंगी सोडली. दोघी बघत राहिलो.

"मेली की, आत्याबाई. इखारी हाय," म्हटलं आणि मोरीत ओतलं.

आता परत हाका मारतायत. तुम्ही दिलं असतं का गं दूध? खरं सांगा. आमच्या ओट्यावर मुंग्या पुष्कळ आहेत.