हॉरेसचा काळ्या बिअरचा जग

हॉरेस ट्रँटर आमच्या पबच्या तळघरात चाळीस वर्षं पिंपं सांभाळतो आहे. गावची एल, म्हणजे इथली बिअर, कधी निवळली, कुठल्या पिंपाला अजून दोन दिवस द्यायचे, हे त्यालाच विचारायचं. माणसांच्या तब्येतीतलंही आपल्याला तेवढंच कळतं, अशी त्याची समजूत होती. गेल्या सप्टेंबरात ती समजूत त्याच्या बायकोच्या जिवावर बेतली.

त्याची बायको बेरिल माझी जुनी विद्यार्थिनी. मी तिला रसायनशास्त्र शिकवलं आणि तिनं ते लग्नात माहेरी ठेवून दिलं. ती पांढरी पडत चालली होती, चर्चच्या चार पायऱ्यांना धाप लागायची. हॉरेसनं निदान केलं, रक्त कमी. औषध, रोज दुपारी पबमधून एक मोठा जग भरून काळी बिअर.

"लोह असतं त्यात, बाई," तो म्हणाला. "माझ्या वेळी आईला बाळंतिणीच्या वॉर्डात रोज बाटली मिळायची. मी नऊ पौंडांचा झालो."

"त्यात डोकं किती होतं?" मी विचारलं.

बेरिल हसली आणि हसण्यानंच दम लागून खाली बसली. ते मला मुळीच आवडलं नाही. त्या बिअरमध्ये नखाएवढं लोह नाही, रक्त तपासून घे, असं मी तिला बजावलं.

"हॉरेसला वाईट वाटेल हो. एवढ्या मायेनं आणतो."

डॉक्टरांची वेळ दोनदा घेतली आणि दोनदा चुकवली. एकदा पबात एल-महोत्सव होता, म्हणून. दुसऱ्यांदा म्हणे गालांवर रंग आला होता. रंग बिअरचा होता. मी रोज सकाळी समोरच्या तिच्या खिडकीकडे बघत बसायची. सातला सरकणारे पडदे आठला सरकायला लागले. एका गुरुवारी सव्वानऊ वाजले. बेरिलनं पडदा ओढला खरा, पण दुसऱ्या हातानं चौकट घट्ट धरून. तिला विचारून "मी बरी आहे" एवढंच ऐकायला मिळणार, म्हणून मी कोट चढवला आणि सरळ तळघर गाठलं.

हॉरेस पिंपात पट्टी बुडवून माप घेत होता आणि भिंतीवरच्या पाटीवर खडूनं आकडा लिहीत होता. रोज सकाळचा त्याचा नेम.

"न विकता एखादं पिंप रोज थोडं थोडं उतरलं, तर काय करशील?"

"गळती शोधीन."

"वरून भरत नाही राहणार?"

"वेडा आहे का मी, बाई? भरून काय..." तो थांबला. खडू हातातच राहिला. मग अंगावरच्या एप्रनसकट जिना चढून गेला.

त्यानं तिला रुग्णालयात नेलं, तिथे हिमोग्लोबिनचा आकडा आला लिटरला बासष्ट ग्रॅम. एकशे पंधरा तरी हवा. गुडघ्यासाठी ती दोन वर्षं वेदनाशामक गोळ्या घेत होती, हल्ली रिकाम्या पोटी बिअरबरोबर. पोटात व्रण होऊन आतून रक्त जात होतं.

"मद्य घेता?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"छे," बेरिल म्हणाली. "फक्त बिअर."

"मी देतो," हॉरेस म्हणाला. "रोज एक जग भरून. लिहा तसं."

तिला आत नेलं. आम्ही बाहेर दोन तास बसलो. त्यानं दोनदा चहा आणला आणि दोन्ही वेळा प्यायला विसरला.

"बाई, नुसती गळती नसून पिंपाची फळीच कुजली असेल तर?"

मी गार झालेला कप त्याच्या हातात दिला.

फळी कुजली नव्हती. नळीतून आत जाऊन त्यांनी वाहती जागा बंद केली, दोन बाटल्या रक्त चढवलं, लोहाच्या गोळ्या दिल्या. त्या गोळ्यांनी पोट बिघडतं, अशी हॉरेसची तक्रार आहे, जणू तोच त्या खातो आहे. एल प्रकृतीला चांगली, हे मत त्यानं सोडलेलं नाही. फक्त "धडधाकट माणसाच्या" एवढी पुस्ती जोडली आहे.

आता तळघरातल्या पाटीवर पिंपांच्या आकड्यांखाली एक आकडा बेरिलचा असतो. चौऱ्याऐंशी. त्र्याण्णव. या सोमवारी एक्क्याण्णव होता. दोनाचा फरक काही नाही, असं नर्स म्हणाली. हॉरेसनं तो दोनदा गिरवून ठेवलाय, आणि मी रोज पावणेसातलाच खिडकीशी जाऊन बसते आहे.