गंगुबाईंनी उचललेला शब्द

"माणूस घरंदाज आहे हो," असं गंगुबाई ज्याच्या-त्याच्याबद्दल म्हणायच्या. क्वेकर्स हिल या परदेशी उपनगरातल्या त्यांच्या गल्लीत सगळ्यांचे कचऱ्याचे डबे आत ओढून ठेवणारा म्हातारा ग्रीक शेजारी घरंदाज. त्या लगबगीने येताना दिसल्या की थांबणारी बसची ड्रायव्हर घरंदाज. नात ऐश्वर्या हसायची, "आजी, यू मीन नाइस." त्यावर गंगुबाई म्हणायच्या, नाइस तर दुकानदारही असतो.

त्यांच्या लहानपणी गावात हा शब्द एकाच उंच दाराच्या घराचा होता. घरंदाज म्हणजे पिढ्यांचं नाव, जमीनजुमला, वरच्या कुळातला जन्म. त्या घरच्या बायका गंगुबाईंच्या ओंजळीत वरून पाणी ओतत, भांड्याला हात लागू नये म्हणून. पुढे बुद्धाच्या वाटेने निघालेल्या त्यांच्या वस्तीने गावातलं बरंच काही गावातच टाकून दिलं. हा शब्द मात्र गंगुबाईंनी उचलला, स्वच्छ धुतला आणि या परक्या मुलखात मोकळ्या हाताने वाटला.

यंदा एप्रिलमध्ये, इथल्या हवेत गारवा उतरत असताना, वेस्टमीडच्या हॉस्पिटलात नर्स असलेल्या ऐश्वर्याचं लग्न ठरायचं होतं. हृषिकेशचं आणि तिचं मन केव्हाच जुळलं होतं. त्याच्या आईचा होकार तेवढा बाकी होता. आई, सुरुचीताई, मेलबर्नच्या टार्निटहून विमानाने आल्या. चहा झाला, हवापाणी बोलून झालं. मग कपाकडे बघत त्या म्हणाल्या, "आमची काही अपेक्षा नाही. फक्त घर घरंदाज असावं."

काय विचारलं ते सगळ्यांना कळलं. ऐश्वर्याचे वडील प्रज्ञेश गालिच्याकडे बघत राहिले. तिचा चेहरा उतरला.

गंगुबाई सावकाश म्हणाल्या, "सुरुचीताई, तुमच्या घरी आमची पोर आपल्या हातानं पाणी घेईल ना? तुम्ही जिथून घेता, तिथूनच?"

सुरुचीताईंनी कप खाली ठेवला. मग त्यांनी सांगितलं, माहेर साधं म्हणून त्यांच्या सासूने त्यांना पहिली काही वर्षं देवघरात येऊ दिलं नव्हतं. हा शब्द त्यांनी तिथे ऐकला होता, आणि आज तो त्यांच्याच तोंडून निघाला.

"पाणी घेईलच," त्या म्हणाल्या. "स्वयंपाकाचं तेवढं मनावर घेऊ नये तिनं. हृषिकेश सांगतो, ती मॅगीसुद्धा करपवते."

"खोटारडा आहे तो," ऐश्वर्या म्हणाली, आणि सगळं घर हसलं.

साखर वाटली गेली. गंगुबाईंनी नऊवारीखाली पांढरे स्पोर्ट्स शूज चढवले. पार्कच्या बाकावर मैत्रिणी बसल्या असतील, त्यांना ही बातमी फोनवर सांगण्यात मजा नाही, म्हणाल्या. निलगिरीच्या लांब सावल्यांतून त्या रमत-गमत निघाल्या. फाटकापाशी सुरुचीताई ऐश्वर्याचा हात धरून उभ्या होत्या. वळणावर पदर दिसेनासा होईपर्यंत दोघी बघत राहिल्या.