बेबीताईंची बस

बेबीताई खोब्रागडे यांच्याकडे खेळाची सीडी मागायला गेलं की आधी हात दाखवावे लागत. तळवे, मग पालथे, मग नखं. उभा जन्म ऑपरेशन थिएटरात नोकरी केलेली बाई. तिच्या लेखी जगात दोनच प्रकारचे हात होते, धुतलेले आणि न धुतलेले. "धुतले काय? साबणानं? पुन्हा धू." मग कपाटातून डबी काढायच्या, सीडी दोन बोटांनी कडेला धरून उजेडात फिरवायच्या आणि इतक्या जपून तुमच्या हातात द्यायच्या की वाटावं, आता म्हणतील, अभिनंदन, मुलगी झाली!

मी नाशिकची. लग्न होऊन नागपूरकडच्या सेलूला आले. नवऱ्याची बँकेतली नोकरी, ले-आऊटातलं, म्हणजे प्लॉट पाडलेल्या नव्या वस्तीतलं, भाड्याचं घर आणि सोबत सासूबाई. पहिल्याच आठवड्यात विरजण मागायला शेजारी गेले तर दार सताड उघडं, आणि आत एक पांढऱ्या केसांची बाई कुणावर तरी ओरडतेय, "अरे पाणी सोड ना बे! अख्खं शहर तहानेनं मरून राह्यलं!" मला वाटलं, नगरपंचायतीशी फोनवर भांडण चाललंय. पाहते तर बाई कॉम्प्युटरसमोर, आणि तहानलेलं शहर पडद्यावर. मला पाहून म्हणाल्या, "ये, बस. खेळते काय?"

"नाही, मी ते विरजण..."

"दही लागतेच. खेळते काय ते सांग."

एका हातात वाटी आणि दुसऱ्या हातात डबी घेऊन मी घरी आले. दह्याचं काय झालं ते आठवत नाही. संध्याकाळी सासूबाई चहा मागत होत्या आणि मी नळाच्या पाइपलाइनी टाकत होते.

त्यांचा मुलगा अमोल पुण्याला नोकरीला लागला तेव्हा मागे कॉम्प्युटर आणि चार-दोन खेळ टाकून गेला होता. बेबीताईंनी आधी नुसती धूळ पुसली, मग सहज एक खेळ लावून पाहिला, आणि मग काय! नागपूरला गेल्या की सीताबर्डीवरून साडी आणण्याऐवजी खेळ आणू लागल्या. कपाटात साड्या खालच्या खणात गेल्या आणि वरचे तीन खण खेळांनी भरले. डबीवरची इंग्रजी नावं त्यांना वाचता येत, पण पसंत नसत. त्यांची नावं वेगळीच होती: चोरीवाला, घोड्यावाला, बिचाऱ्या मुंग्यांचा.

हे सगळे खेळ ले-आऊटभर फिरत. नोंद कसलीच नाही. अट एकच, "डबी रिकामी आणजो नको." शेजारणीची वाटी रिकामी परत करत नाहीत, तशीच ही डबी. आता सीडीच्या डबीत मावणार काय? पण बायका हिकमती. पातळ पुडी करून आत सरकवायच्या: ओवा, तिळाची वडी, मेथीचं बी. सासूबाईंनी एकदा चपटी करून चतकोर पुरणपोळी दिली. "सीडीले तूप लागलं ना माय!" म्हणून बेबीताईंनी कपाळावर हात मारला, पण आधी पोळी खाल्ली. त्यांचं कपाट उघडलं की किराणा दुकानाचा वास यायचा.

सगळ्यांत लाडका खेळ होता बसवाला. तो दादारावांचा. दादाराव म्हणजे बेबीताईंचे यजमान, लाल बसचे ड्रायव्हर. निवृत्तीनंतर त्यांना पॅरालिसिसचा झटका आला. बोलणं अडखळू लागलं आणि उजवा हात मूठ आवळून मांडीवर पडून राहिला. डॉक्टरांनी सांगितलं, हात चालवत ठेवा. पण दादाराव रबरी चेंडू दाबायला तयार नाहीत. "मी... लहान पोरगा हाये काय?" बेबीताईंनी टेबलाला प्लॅस्टिकचं स्टिअरिंग जोडलं, बसवाली सीडी घातली आणि नवऱ्याचा उजवा हात उचलून त्या चाकावर ठेवला. हात हलला. चाक फिरलं. बस सरळ एका हॉटेलात घुसली, पण फिरलं!

तेव्हापासून रोज संध्याकाळी त्यांच्या हॉलमध्ये बस सुटायची. मागे दोन रांगांत खुर्च्या, आम्ही पॅसेंजर, आणि बेबीताई कंडक्टर. स्टीलच्या पेल्यावर चमचा वाजवून डबल बेल द्यायच्या. "पुढं सरका, पुढं सरका! जयू, पाय आत घे." हे मला. सासूबाई खरोखरची पिशवी घेऊन बसायच्या. त्यांना बस लागते, म्हणून पडद्यावरच्या वळणांनाही त्या डोळे मिटून लिंबू हुंगायच्या. दादाराव एका बाजूनं हसायचे आणि मुद्दाम घाट घ्यायचे. काही महिन्यांत हाताची मूठ सुटली, बोटं चाकाभोवती वळायला लागली. मी त्या खोलीत जितकी हसले तितकी आयुष्यात कुठे हसले नाही.

मग अमोल दोघांना पुण्याला घेऊन गेला, चांगले चार महिने. निघताना बेबीताईंनी खेळ वाटून टाकले, बसवालासुद्धा. "बंद कपाटात पडून काय करते? लोकाईनं चालवावा." पुण्यात अमोल नवा खेळ घेऊन देणारच होता. त्यानं आईसाठी नवाकोरा लॅपटॉप आणला होता. बेबीताईंनी तो हातात घेऊन चारी बाजूंनी तपासला, उलटा केला.

"अमोल, याले तोंडच नाई. सीडी कोठून घालू?"

"आई, आता सीडी लागत नाही. खेळ विकत घ्यायचा, तो तुझ्या खात्यात राहतो. हरवत नाही, ओरखडा पडत नाही, पुरणपोळीचं तूप लागत नाही."

तो चुकीचं काहीच बोलत नव्हता. बेबीताईंनाही गंमत वाटली. त्यांनी लगेच चार खेळ घेतले आणि फोन करून मला खात्याचा पासवर्ड सांगितला. "एक तू खेळ, एक मी." मी इकडे सेलूत खेळ उघडला की त्या तिकडे पुण्यात बाहेर फेकल्या जायच्या, त्या आत शिरल्या की मी बाहेर! मग त्यांनी दवाखान्यासारख्या ड्युट्या लावल्या, सकाळपाळी माझी, दुपारपाळी त्यांची. एक दिवस कंपनीचा निरोप आला, तुमच्या खात्यात संशयास्पद हालचाल दिसते. बेबीताई भडकल्या. "मी माही वस्तू शेजारणीले देतो, त्याच्यात संशय काऊन? अमोल, हे म्हणजे लुगडं घेतलं, पण दुकानात जाऊनच नेसाचं! दुकानदार गेला जेवाले, तर मी काय करू?"

आज आम्ही बदलीच्या निमित्तानं गोंदियाला आहोत. माझ्या लॅपटॉपमध्ये ढीगभर खेळ आहेत आणि समोरच्या घरात एक हौशी बाई आहे, पण तिला एकही देता येत नाही. अशा वेळी मला ते लुगडं आठवतं.

पुण्यात खरा घोटाळा बसचा झाला. अमोलनं तो खेळ ऑनलाइन दुकानात शोधला तर पाटी लागलेली: हा खेळ आता विक्रीस नाही. म्हणजे जगात आता तो जुन्या सीडीतच उरला होता. अमोल बिचारा ओशाळला. त्यानं बसचा दुसरा खेळ घेतला. त्यात स्टिअरिंग डावीकडे आणि रस्ताभर बर्फ. दादारावांनी पडद्याकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं. "हे... आपली गाडी नोय." पुन्हा चाकाला हात लावला नाही. बोटं हळूहळू आत वळली आणि मूठ परत आवळली. बेबीताई फोनवर एवढंच म्हणाल्या, "जयू, हात गेला तर परत येत नाई. आम्ही घरी येतो."

आल्या तशा कपाटाकडे धावल्या. घराची किल्ली माझ्याकडे असल्यामुळे परत आलेल्या डब्या मीच रचून ठेवल्या होत्या. बसवाली कुणीतरी आमच्या गेटला पिशवीत अडकवून गेलं होतं. बेबीताईंनी हात धुतले, डबी उघडली. आत जवसाची चटणी. पुडी छान, चपटी, डबीभर. सीडी नाही!

डबी रिकामी द्यायची नाही याचा त्या माणसानं इतका धसका घेतला होता की चटणी आठवणीनं भरली आणि सीडी विसरला. मला हसू फुटलं, आणि दादारावांची मूठ दिसली तसं गिळावं लागलं. पुण्याला जायच्या गडबडीत कुणाला काय दिलं ते बेबीताईंना आठवेना. त्यांनी चिमूटभर चटणी जिभेवर ठेवली आणि डोळे मिटले.

"कारळं हाये याच्यात. जवसात कारळं... आपल्या ले-आऊटात कोणी टाकत नाई." आणखी एक चिमूट. "लसूण जळवला. शोभी! ही शोभीच! ड्युटीवर डब्यात हेच आणे, आणि मी रोज म्हणो, शोभे, लसूण जळला!"

शोभा सिस्टर म्हणजे त्यांची थिएटरातली जोडीदारीण, सिंदी रेल्वे या गावची. फोन लावला. "जय भीम शोभे. लसूण अजून जाळूनच राह्यली काय तू?" पलीकडून किंकाळी. सीडी टीव्हीवर ठेवली होती, आता तिथे नव्हती. सासऱ्यांनी नेली होती, शेतात.

आम्ही माझ्या स्कूटरवर सिंदीला निघालो. मागे बेबीताई, मांडीवर कापूस, गॉझ आणि साबण. "हाण जयू, हाण!" ट्रक दिसला की म्हणायच्या, "घे याले मांगं!" मी जन्मात इतकी जोरात स्कूटर हाकली नव्हती.

शेतात ज्वारी डोक्याएवढी, आणि तिच्यावर दोऱ्यांना टांगलेल्या सीड्याच सीड्या, वाऱ्यावर गरागरा फिरतायत. गावातल्या लग्नांच्या, बारशांच्या, सगळ्या. शोभाताईंचे सासरे अभिमानानं म्हणाले, "पोपटं लय भेते याले!" बेबीताईंनी आधी मोटरीच्या पाण्याखाली हात धुतले. मग मान वर करून एकेक सीडी पाहत ज्वारीत शिरल्या, आणि एकदम ओरडल्या, "सापडली माय!" वरून पाखरांनी कार्यक्रम उरकलेला, पण तीच.

आता म्हातारबा अडले. "मंग इथं काय टांगू? या कोपऱ्यातूनच पोपटं येते."

"बाबाजी, माह्या माणसाचा हात हाये हो त्याच्यात."

म्हातारबांना काय कळलं कोण जाणे, पण त्यांनी दोरा तोडला. माझ्या पाण्याच्या बाटलीला स्टीलचं झाकण होतं, ते मी आपणहून दिलं. अजून फिरत असेल तिथे.

घरी आल्यावर बेबीताईंनी सीडी साबणानं धुतली, मधून कडेकडे सरळ रेघेत पुसली, पंख्याखाली वाळवली. सीडी आत असल्याशिवाय तो खेळ सुरूच होत नसे. जुन्या कॉम्प्युटरनं ती आत घेतली, घरघरला, थांबला, पुन्हा घरघरला. आम्ही सगळे आपापल्या खुर्च्यांवर. सासूबाई पिशवी घेऊन तयार. आणि एकदम हॉर्न! बस उभी! खोलीत असा गलका झाला की समोरच्या घरातली माणसं धावत आली.

बेबीताईंनी आवळलेली मूठ चाकावर ठेवली. बराच वेळ काही झालं नाही. मग पहिलं वळण आलं, आणि एक बोट सुटलं. मग दुसरं. बेबीताई चमचा वाजवायचं विसरून नुसत्या त्या बोटांकडे पाहत होत्या.

तेवढ्यात दारात एक बाई आली. झडशी गावची. तिचा नवरा ट्रक चालवायचा. झटका आला, हात पडला. कुणीतरी सांगितलं होतं की सेलूत एका बाईकडे हात चालवणारी सीडी आहे. "आठ दिवस दिली तर लय उपकार होतील."

मी ताडकन उठले. बेबीताईंना बाजूला घेऊन म्हटलं, "सांगा, महिनाभरानं या म्हणून. आजच तर बोट सुटलंय."

कुणी खेळ मागितला आणि बेबीताईंनी हात दाखव म्हटलं नाही, असं मी तेव्हा एकदाच पाहिलं. त्या हळूच म्हणाल्या, "जयू, हा खेळ त्या लॅपटॉपात असता, तर देताच आला नसता. सुटली असती मी." आणि दाराकडे बघेनात.

दादारावांनी बस रस्त्याच्या कडेला घेतली. थांबवली.

"दे... त्याले. थांब्यावर... माणूस उभा हाये."

आणि त्यांनी चाकावरचा हात उचलला, तोच उजवा, कॉम्प्युटरच्या बटणापर्यंत नेला. बोट घसरलं. आम्ही कुणी मदतीला गेलो नाही. त्यांनी पुन्हा बोट टेकवलं, दाबलं, आणि सीडी बाहेर आली.

बेबीताईंच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि त्या हसत होत्या. पदरानं तोंड पुसलं आणि आम्हां सगळ्यांवर खेकसल्या, "पाहता काय? उतरा, उतरा सगळे! गाडी झडशीले चालली!"