लोक कोणत्या आळीत राहतात?

एकोणीसशे तीसच्या सुमाराची गोष्ट. दादा मुंबईच्या कॉलेजात समाजशास्त्र शिकत होता. सुट्टीत आगबोटीनं श्रीवर्धनला आला की झोपाळ्यावर बसून आम्हांला समाज समजावून सांगायचा. रूढी म्हणजे काय, दर्जा म्हणजे काय, जन्मलेल्या पोराला घर माणूस कसं बनवतं. मी चहा आणून द्यायची. साखर कमी पडली की शास्त्र तिथंच थांबायचं.

त्या मे महिन्यात मला पुण्याहून पत्र आलं. मास्तरणींच्या ट्रेनिंगला जागा मिळाली होती. आठ दिवसांत होकार कळवायचा होता. अप्पा, म्हणजे माझे वडील, म्हणाले, "माझी ना नाही गं. पण लोक काय म्हणतील? उद्या सुपारी सोलायला कोणी आलं नाही म्हणजे?"

आमच्याकडे सुपारी वाळली की आळीतल्या बायका पाळीपाळीनं एकेका घरी सोलायला बसत. ज्या घरावर गावाचा राग, त्या घराकडे कोणी फिरकत नसे. सगळी रास घरच्यांनीच सोलत बसायची.

झालं! लोक, लोक, लोक! म्हटलं, एकदा या लोकांना भेटून तरी येऊ.

आधी आमच्या सुपारीच्या वाडीत झाडांना पाणी शिंपणारीला विचारलं. ती म्हणाली, "आमची कसली हरकत, बाय? वरच्या आळीतल्या काकूंना इचार. त्यांना न्हाय चालायचं." काकूंकडे गेले. त्या म्हणाल्या, "जा की खुशाल. मी येईन हो सोलायला. पण देवळाजवळच्या भटीणबाई फार कडक!" उन्हात तापलेली वाळू तुडवत भटीणबाईंकडे गेले. त्यांनी हातावर गूळ ठेवला, पाणी दिलं आणि म्हणाल्या, "मला गं काय त्याचं? आम्ही तर तुमच्याच घराकडे बघून चालतो."

मला हसावं की कपाळ बडवून घ्यावं कळेना. गावभर हिंडले, आणि लोकांचा पत्ता निघाला आमच्याच घराचा! धावतच घरी आले आणि अप्पांना सगळं सांगितलं. अप्पांचा चेहरा सैल झाला. त्यांनी झोपाळ्याकडे पाहून विचारलं, "तू शिकलेला. तुला काय वाटतं?"

दादानं पाय टेकून झोपाळा थांबवला. "त्याचं असं आहे अप्पा, एकेकटा माणूस हो म्हणतो, त्याला अर्थ नसतो. समाज म्हणजे माणसांची बेरीज नव्हे. तो वेगळाच असतो, आणि त्याचा दाब दिसत नाही."

तो दाब दादा होता, आणि मला चांगला दिसत होता! पण अप्पांना पुस्तकातलं वाक्य पटलं. तीन जिवंत बायका हो म्हणाल्या, त्या गेल्या वाऱ्यावर.

नकाराचं पत्र दादानंच लिहिलं. 'घरगुती अडचणींमुळे' असं वळणदार अक्षरात. अर्ज माझा, म्हणून सही माझी हवी होती. त्यानं टाक पुढे केला. कोणी माझा हात धरला नव्हता, कोणी आवाजही चढवला नव्हता. मी म्हटलं, "थांब, हात ओला आहे," पदराला हात पुसला आणि सही केली.

दादावरचा राग केव्हाच गेला. तो पदराला पुसलेला हात आठवला की मात्र अजून माझं डोकं फिरतं.