हॉस्टेलवरचं पिठलं

राजधानीतल्या द्वारका भागातल्या माझ्या शेजारीणबाई विद्यापीठात परदेशी विद्यार्थ्यांची व्हिसाची कामं बघतात. "मुदत संपेपर्यंत सो रहे थे क्या?" असं मुलांवर ओरडतात आणि लगेच त्यांच्यासाठी चहा मागवतात.

परवा इथिओपियाच्या एका मुलीची आई गेली. परत येण्याचा व्हिसा वेळेत मिळेना, म्हणून तिला जाता आलं नाही. बाई दिवसभर फोनवर भांडल्या आणि हरल्या. संध्याकाळी पिठलं-भात घेऊन हॉस्टेलवर निघाल्या. माझे यजमान गेले तेव्हा आमच्याकडेही त्यांनीच आणला होता. मी सोबत गेले.

"भूख नहीं है, मॅम," मुलगी म्हणाली.

"मालूम है, बेटा. ऐसे दिन घर में चूल्हा नहीं जलता. पडोसी खिलाते हैं."

"घर तो बहुत दूर है."

"पडोसी तो यहीं है ना."

मुलीने ताट जवळ ओढलं.