काढून दाखवा

"बसा मॅडम. इथं. काढून दाखवा."

विभागप्रमुखांनी स्टूल माझ्याकडं सरकवलं. हातानं नाही, पायानं. ड्रॉइंग हॉलमध्ये पहिल्या वर्षाची सगळी बॅच सबमिशनच्या रांगेत उभी होती, गुंडाळलेल्या शीट्स बगलेत धरून. मी साठी केव्हाच ओलांडलेली. विभागप्रमुख तुमच्या बाबाच्या वयाचे.

मी बसले.

पोरांनो, हे आधी सांगते, कारण मला तेच सगळ्यात जास्त लागलं. त्यांनी सांगितलं आणि मी बसले.

तुमच्या बाबानं तुम्हाला सांगितलं, आजी आता थकली, म्हणून तिनं कॉलेज सोडलं. आजी थकलेली नाही. आजीला बोलावणं बंद झालं. ते का, हे तुम्ही माझ्याकडूनच ऐकावं, म्हणून नीट लिहिते.

जन्मभर मी पॉलिटेक्निकमध्ये इंजिनिअरिंग ड्रॉइंग शिकवलं. निवृत्त झाल्यावर शहराबाहेरच्या एका खासगी इंजिनिअरिंग कॉलेजात तासावर शिकवायला जाऊ लागले. आता बहुतेक ड्रॉइंग कॉम्प्युटरवर होतं, पण तिथं पहिल्या वर्षाला अजून हातानं शीट्स काढाव्या लागतात. शीट झाली की शिक्षकाची सही. सगळ्या सह्या झाल्या तर टर्म मंजूर. नाहीतर वर्ष अडकतं.

जिथं शीट आली तिथं जीटी आली. जीटी म्हणजे ग्लास ट्रेसिंग. होस्टेलच्या खिडकीची काच काढायची, दोन खुर्च्यांवर आडवी ठेवायची, खालून उजेड सोडायचा. काचेवर दुसऱ्याची शीट, तिच्यावर आपला कोरा कागद. मग नुसतं गिरवायचं. आमच्या वेळी खाली बल्ब असायचा, आता मोबाईलचा टॉर्च असतो. बाकी काही बदललेलं नाही. "जीटी मारली" हे पोरं जेवण झालं म्हणावं तसं सांगतात.

मला ती थांबवायची होती. म्हणून मी एक पद्धत लावली. शीटवर पिरॅमिड काढायचा, पण प्रत्येकाच्या पिरॅमिडचं माप वेगळं. दिलेल्या लांबीत आपल्या रोल नंबरचा शेवटचा आकडा मिळवायचा आणि त्या मापानं काढायचं. दुसऱ्याची शीट गिरवली, तर दुसऱ्याचंच माप येणार.

त्या दिवशी विश्वजितची शीट माझ्यापुढं आली. विश्वजित संस्थेच्या अध्यक्षांचा पुतण्या. वर्गातली पोरं त्याला दादा म्हणायची, शिपाईसुद्धा. शीट सुरेख होती. पिरॅमिड मात्र ऋतुजाचा होता. ऋतुजा सात लिहिताना त्याच्या पोटात एक बारीक आडवी रेघ मारते. विश्वजितनं ती रेघसुद्धा गिरवली होती.

ऋतुजा गगनबावड्याकडची. घरी थोडी जमीन, म्हशी; वडील डेअरीला दूध घालतात. त्यांच्या वाडीतून इंजिनिअरिंगला आलेली पहिली मुलगी. "वर्ष अडकलं की घरात मांडव पडतोय मॅडम," असं तिनं मला एकदा हसत हसत सांगितलं होतं. ती हसत होती, पण ते खरं होतं.

मी दोघांना पुढं बोलावलं.

"मीच काढलोय मॅडम," ऋतुजा म्हणाली. "दादांनी बघून देतो म्हणून नेलती."

"का दिलीस?"

मागून कुणीतरी म्हणालं, "दादाला न्हाय कोण म्हणतंय मॅडम?" हशा पिकला.

विश्वजितही हसला. "हिनंच माझी मारली असंल की. उगंच माझ्यावर नाव."

"मग तुझ्या शीटवर हिचं माप कसं आलं?"

त्यानं मोबाईल काढला आणि माझ्यासमोरच फोन लावला. "सर, जरा वर या की. मॅडम सही देईनात."

विभागप्रमुख आले. दोन्ही शीट्स त्यांनी शेजारी ठेवून पाहिल्या. त्यांना कळलं. ड्रॉइंग येणाऱ्या माणसाला ते कळायला वेळ लागत नाही.

"विश्वजितची मंजूर करा. मुलीनं ट्रेस केलीय असा शेरा मारा."

"उलट आहे सर."

"रोल नंबरचं माप हा तुमचा नियम. युनिव्हर्सिटीचा नाही." मग त्यांचा आवाज चढला, रांगेच्या शेवटापर्यंत जाईल इतका. "आणि मेरिटच्या गोष्टी तुम्ही तरी आम्हाला सांगू नका. कोट्यातनं डिग्री घेतलीत, कोट्यातनं नोकरी केलीत. आम्ही कधी काही बोललो नाही. आता ही तुमच्यातली दिसली म्हणून बाजू घेताय?"

ऋतुजा आमच्यातली नव्हती. पण मी तसं म्हणाले नाही. म्हणणं म्हणजे, ती आमच्यातली असती तर त्यांचं बरोबर ठरलं असतं, असं कबूल करणं.

"तुम्हाला तरी काढता येतो का हा पिरॅमिड? फळ्यावर काढताना कधी दिसत नाही तुम्ही."

मी फळ्यावर काढत नाही, कारण माझा उजवा हात थरथरतो. हे त्यांना माहीत होतं. डॉक्टरांचा कागद मीच त्यांच्या टेबलावर ठेवला होता, आणि तेव्हा ते "काळजी घ्या मॅडम" असं म्हणाले होते.

त्यानंतर ते स्टूल सरकवलं.

मी पेन्सिल घेतली. पट्टीचा आधार असूनही रेघ हलली. दुसरी ओढली, ती पहिलीला भेटलीच नाही. कुणीतरी नाकातून हसलं. मग आणखी कुणी. "भूकंप, भूकंप," असा एक आवाज आला. विभागप्रमुख हसले नाहीत. ते नुसते बघत होते. मग हळूच, फक्त मला ऐकू येईल असं म्हणाले, "कोट्यातली डिग्री."

माझी मान खाली गेली. मला माझं पहिलं वर्ष आठवलं.

आम्ही महार. माझ्या वडिलांच्या काळात बौद्ध झालो. तिकडं परदेशात तुम्हाला हे शब्द कुणी विचारत नाही, म्हणून मी इथं लिहून ठेवते. वडील मिशनच्या शाळेत माळी होते, त्यामुळं मला इंग्रजी शाळा मिळाली. इंजिनिअरिंगला मुली मोजक्या. आमच्यातली मी एकटी. माझी शीट वर्गात सगळ्यात स्वच्छ. होस्टेलवरच्या मुली ती न्यायच्या आणि काचेवर ठेवायच्या. माझी शीट चालायची. माझा डबा चालायचा नाही.

आणि गिरवल्याचा आळ आला तो माझ्यावर. सरांनी वर्गासमोर पुन्हा काढायला लावली. मी काढली. हुबेहूब. "पाठ केलेलं दिसतंय," ते म्हणाले. पुढच्या शीटला पुन्हा तेच. नोकरीच्या मुलाखतीत फळ्यापाशी उभं केलं, फक्त मला. बढतीच्या वेळी पुन्हा. दर वेळी मी काढून दाखवलं. दर वेळी घरी येऊन तुमच्या आजोबांना अभिमानानं सांगितलं, आज त्यांची तोंडं बंद केली.

कुणाचंच तोंड बंद झालं नव्हतं. हात चांगला होता तोवर मला ते दिसलं नाही. प्रत्येक वेळी मी चांगलं काढत गेले आणि प्रत्येक वेळी त्यांनी नवा कागद पुढं केला. परीक्षा संपणारच नव्हती, कारण ती ड्रॉइंगची नव्हती.

विश्वजित खिडकीला टेकून उभा होता. त्याला कुणी पेन्सिल दिली नव्हती. देणारही नव्हतं.

मी पेन्सिल खाली ठेवली. उठले.

"मी काढणार नाही," मी म्हणाले. "माझी परीक्षा झालेली आहे. ह्याला बसवा. ऋतुजाला बसवा. दोघांना कोरा कागद द्या."

टाळ्या वगैरे वाजल्या नाहीत. कुणी पुढं आलं नाही. विभागप्रमुखांनी माझ्यासमोरची विश्वजितची शीट ओढली आणि सही स्वतः केली. मग ऋतुजाच्या शीटवर लाल पेनानं रेघ मारली, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत. सरळ रेघ. त्यांचा हात थरथरत नाही.

दुसऱ्या दिवशी ऋतुजाच्या वडिलांना बोलावून घेतलं. मला केबिनमध्ये घेतलं नाही. मी बाहेर पॅसेजमध्ये उभी राहिले. वडील बाहेर आले, मला बघून त्यांनी हात जोडले.

"बाई, तुमचं बरोबर हाय. पोरगी खोटं बोलत न्हाय, मला म्हाईत हाय की. पर आमास्नी हितंच शिकायचं हाय. तुमी काय, जाशीला घरला."

माझ्याकडं ना पद होतं, ना ओळख, ना त्यांना द्यायला दुसरं कॉलेज. मी म्हणाले, "चहा घेता का?" ते नको म्हणाले. शेवटची एसटी चुकेल म्हणाले. दुपारचे बारा पण वाजले नव्हते.

आत ऋतुजानं माफीनामा लिहिला. विश्वजितच्या शीटवरून मी ट्रेस केले, पुन्हा असे करणार नाही. त्या बदल्यात टर्म मंजूर. बाहेर आली तेव्हा तिनं माझ्याकडं पाहिलं नाही. बापाच्या मागून जिना उतरून गेली. तिला हाक मारावी असं वाटलं. मारली नाही. हाक मारून काय सांगायचं होतं?

स्टाफरूममध्ये सगळ्यांना सगळं माहीत होतं. आमच्याच समाजातला एक तरुण लेक्चरर आहे. तो मला गेटपर्यंत सोडायला आला. "मॅडम, मी बोलायला पाहिजे होतं," तो म्हणाला. "पण माझी नोकरी अजून कायम व्हायचीय." त्यानं माझी पिशवी धरली होती, ती माझ्या हातात दिली आणि परत गेला. नव्या सत्राचं वेळापत्रक लागलं. त्यात माझं नाव नव्हतं. कुणी कळवलंही नाही.

मी विद्यापीठात तक्रार दिली आहे. ऋतुजाविरुद्ध नाही, सही करणाऱ्याविरुद्ध. त्यांनी उच्चारलेला प्रत्येक शब्द त्यात लिहिला आहे, "तुमच्यातली" हासुद्धा. पोच देणाऱ्या बाईंनी ती उभ्या उभ्या वाचली.

"मॅडम, मुलीनं स्वतःच लिहून दिलंय ना? मग तुमचं टिकणार कसं?"

"शिक्का मारा," मी म्हणाले.

त्यांचं बरोबर असेल. टिकणार नाही कदाचित. तुमचा बाबा रोज फोन करतो. आई, सोड ते. तिकीट काढतो, इकडं ये. त्याची काळजी मला कळते. पण त्याला सांगा, तिकीट काढू नको. सुनावणी होईपर्यंत मी कोल्हापूर सोडणार नाही. ती लांबवतील, माझ्या वयाकडं बघून मुद्दाम लांबवतील. लांबवू देत.

सुनावणीला ऋतुजाला बोलावतील. ती माझ्यासमोर उभी राहील आणि म्हणेल, मी ट्रेस केलं. म्हणू दे. तिला अजून तिथं शिकायचं आहे. मग माझ्याकडं वळतील. माझी डिग्री विचारतील, जात विचारतील, हात दाखवा म्हणतील. मी दाखवणार नाही. मी एवढंच सांगेन, शीट ऋतुजाची आहे. पुन्हा विचारलं, तर पुन्हा तेच.